हर्षदाना बाप, जेवाले या

माझी आई शोभाबाई वेडी नाही. आधीच सांगून ठेवते, कारण नवागाममधल्या आमच्या गल्लीत हल्ली सगळे तिच्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलतात, आणि माझं डोकं सणकतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून तिला झोप लागत नव्हती, एवढंच. म्हणून मी आणि माझा भाऊ वाल्मिक तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर इथले गुजराती, त्यांनी हिंदीत विचारलं, जो माणूस समोर नाही त्याचा आवाज येतो का? आईचा चेहराच उजळला. इतक्या दिवसांत कुणी अण्णांची विचारपूस केली होती! येतो ना, म्हणाली, सकाळी चहा मागतात. झालं, गोळ्या सुरू.

अहो, आमच्या खानदेशात बायका गेलेल्या माणसाशी बोलतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास ठेवून त्याला जेवायला बोलावतात. याला आजार म्हणणारं पुस्तक ज्याने लिहिलं, तो कधी आमच्या चुलीपाशी बसला होता का?

पुढच्या खेपेला मी विचारलंच. डॉक्टरांच्या खुर्चीमागे त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. बसण्याआधी त्यांनी हात जोडून "पप्पा, चालु करुं ने?" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं होतं.

"तुमचे पप्पा हो म्हणतात का?"

"ए तो अलग वात छे, बेन."

"वेगळं काय त्यात? तुमचे वडील बोलतात ते संस्कार, आणि आमचे अण्णा बोलतात तो आजार?"

डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली. वाल्मिकने मलाच झापलं, शिकलेल्या माणसाशी असं बोलतात का म्हणून. गोळी तो स्वतःच्या हाताने देतो. आई झोपते खरी, पण सकाळी चहा एकच कप करते.

परवा आखाजी झाली. आईने अण्णांच्या नावाने घागर भरली, निखाऱ्यावर घास ठेवला. नवऱ्याचं नाव ती कधीच घेत नाही. हर्षदा म्हणजे मी, माझ्याच नावाने ती त्यांना हाक मारते.

"हर्षदाना बाप, जेवाले या."

थांबली. पुन्हा म्हणाली. घास जळून काळा झाला. मग माझ्याकडे वळली.

"तू हाक मार वं माय. मना आवाज त्यास्ले वयखू येत नही आते."

आईचा आवाज अण्णांना ओळखू येईना, हे ऐकून मला रडू फुटलं. तरी मी हाक मारली, "अण्णा, जेवायला या," आणि आम्ही दोघी कान देऊन बसलो.

घ्या डॉक्टर, आता मलाही गोळ्या लिहून द्या.