हातात दिलेला चाकू

श्रोतेहो, असे जवळ सरकून बसा. वडगावातल्या एका स्वस्तातल्या चाकूची गोष्ट सांगायची आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात शोभेल अशी. पण घडली मात्र कीर्तन नसताना, भर दुपारी.

मष्णूनं दोन्ही हातांनी वीणा उचलून धरली. थोरल्या भावानं, ज्योतिबानं, गळ्यातली वीणेची पट्टी डोक्यावरून काढायला घेतली, ती हनुवटीशीच अडली.

सप्ताहाचा पाचवा दिवस. विठ्ठलासमोर सात दिवस वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, भुईला टेकत नाही. घेणाऱ्याच्या दोन्ही हातांत ती आल्याशिवाय देणाऱ्यानं पट्टी उतरवायची नाही, आणि मग एकमेकांच्या पाया पडायचं, हा तिथला नेम. म्हणूनच या दोघा भावांचे पहारे पंच कधी लागोपाठ लावत नसत. आज दोघांच्या मधल्या पहारेकऱ्याला थंडीताप भरला आणि मष्णूला यावं लागलं. बाकी सगळे मागच्या अंगणात पंगतीला बसले होते. देवळात तिसरं माणूस एकच: खांबाला टेकून टाळ वाजवणारी गुणाबाई, दोघांची आत्या.

“आत्ती,” ज्योतिबा म्हणाला, “त्याला सांग, ओढू नको म्हणावं. पट्टी तुटलीती, माझ्या आधीच्या पहाऱ्याच्या भरमानं गळ्यातच गाठ मारलीया.”

“भरमाची गाठ म्हंजे हातमागावरची गाठ,” मष्णू आत्याकडंच बघत म्हणाला. “ओढंल तशी घट्ट बसंल, म्हणावं. सुटायची न्हाय.”

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. घराला घर लागून. एकाच्या मागाची खटखट दुसऱ्याला ऐकू यायची. शब्द मात्र जायचा तो आत्याच्या तोंडून.

गुणाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“काय म्हणतासा? मला ऐकू येईनासं झालंय, बाबांनू.”

सकाळीच तिनं दारापलीकडं कुजबुजणाऱ्या बायकांना इथूनच दटावलं होतं. आता तिनं डोळे मिटले आणि टाळ पुन्हा सुरू केला.

मष्णूनं वीणा छातीशी तोलून बंडीच्या खिशातून चाकू काढला आणि दातात धरून उघडला. साधाच चाकू. लाकडी मूठ, पितळेच्या दोन खिळ्या, एकच पातं. मिटला की मुठीत मावायचा, उघडताना बारीकसा टक् वाजायचा. मागावर सुताची टोकं छाटायला, पेरू चिरायला, पायातला काटा काढायला तोच. नऊ वर्षांपूर्वी साड्यांचं गाठोडं घेऊन निपाणीच्या बाजाराला गेला, तेव्हा दोन आणले होते त्यानं, एक आपल्याला, एक आण्णाला, म्हणजे ज्योतिबाला. घरी येताच हौसेनं आण्णाच्या हातावर ठेवला. आई ओरडली होती, “चाकू हातात देत्यात व्हय रं? भुईवर ठेवावा, घेणाऱ्यानं उचलावा. भांडण लागतंय अशानं!”

महिन्याच्या आत वडिलांच्या मागाच्या वाटणीवरून घर फुटलं. आण्णानं आपला चाकू आत्याबरोबर परत पाठवला. तेव्हापासून मष्णूनं कुणाच्याच हातात चाकू दिला नव्हता. बायकोला द्यायचा तरी आधी भुईवर ठेवायचा.

आताही तो तेच करायला वाकला. पट्टीनं ज्योतिबाची मान ओढली, तोही वाकला, आणि वीणेचा भोपळा फरशीपासून वीतभरावर आला.

“अरं, वीणा!” ज्योतिबा ओरडला.

ते शब्द आत्याला नव्हते. मष्णू हळूच सरळ झाला.

ज्योतिबानं हात पुढं केला. बोटांच्या पेरांत सुताचा निळा रंग मुरला होता.

“दे हिकडं.”

“हातात?”

“मग काय पायात?”

“भांडण लागतंय म्हणत्यात, आण्णा.”

ज्योतिबाचा हात तसाच राहिला.

“लागू दे. नऊ वर्सं आपण भांडलो तरी कुठं? नुसतं गप बसलो.”

मष्णूनं पातं आपल्याकडं वळवलं आणि मूठ त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवून बोटं लगेच सोडली नाहीत.

गाठ एका झटक्यात तुटली. वीणेचं सगळं वजन मष्णूच्या हातांत आलं. ज्योतिबानं पट्टी त्याच्या मानेभोवती घेतली, सहज सुटेल अशी गाठ बांधली, आणि धाकटा वाकायच्या आत आपणच त्याच्या पायाला हात लावला. मष्णूनंही वीणा सांभाळत, जमेल तेवढं वाकून, त्याच्या पायाला बोटं लावली.

मग ज्योतिबानं उजेडात पातं धरून पाहिलं.

“घासून घासून संपवलास की रं! खडबडीत दगडावर घासतोस व्हय?”

“चांगला दगड वाटणीत तुमच्याकडं गेला.”

“मग मागायला काय झालंतं?”

“मागितला असता तर दिला असता व्हय?”

“न्हाय दिला असता! म्हणून मागायचा न्हाय?”

आवाज चढले. पंगतीतून एक वाढपी हातातल्या भांड्यासकट धावत दारात आला. टाळ न थांबवता, डोळे न उघडता गुणाबाईनं त्याला मानेनंच मागं परतवलं.

तर मंडळी, कुठं सप्ताह बसला आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाताना दिसली, तर त्या वेळेवर बहिऱ्या झालेल्या म्हातारीची एकदा आठवण काढा.