ना हरकत

शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले तरी प्रेरणा निकम आली नाही. रत्नमाला खरातला त्यात विशेष काही वाटलं नाही. प्रेरणाचे वडील बद्रीनाथ मूळचे कन्नड तालुक्यातले, वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. सुट्टीत घरचे सगळे गावी जायचे आणि पेरणी उरकल्याशिवाय परतायचे नाहीत. येईल सोमवारी, असं म्हणून रत्नमालानं बाकीच्या पोरींना पळवायला सुरुवात केली.

बजाजनगरच्या त्या शाळेत रत्नमाला अकरा वर्षं क्रीडाशिक्षिका होती. स्वतः कबड्डी खेळलेली. फुटबॉल ती नियमांचं पुस्तक वाचून आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. शाळेला मैदान नव्हतं. एका बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीला लागून मोकळा प्लॉट होता, तिथली काटेरी झुडपं तिनं पोरींना घेऊन तोडली. मग संध्याकाळी कामगारांच्या खोल्यांमधून फिरली आणि आयाबापांना समजावत राहिली, की हाफ पँट घालून खेळल्यानं पोरीचं लग्न मोडत नाही. चार वर्षांत संघ उभा राहिला, आणि त्याच्या मधोमध प्रेरणा, सगळ्यांची परी. डावखुरी. बॉल तिच्या पायाशी आला की बाकीच्या पोरी मागं न बघता पुढं पळत सुटायच्या. बॉल आपल्यापर्यंत येणार, याची त्यांना खात्री असायची.

प्रेरणाचे आईवडील दोघंही दुसऱ्या पाळीला असले, की सराव संपल्यावर ती रत्नमालाच्याच घरी यायची. तिथं गृहपाठ करायची, जेवायची. रत्नमालाच्या सासूबाई, कडूबाई, म्हणायच्या, "ही पोरगी आपलीच हाय, फक्त झोपायला तेवढी त्यांच्याकडं जाती."

सोमवारी प्रेरणा आली नाही, पण करुणा आली. करुणा संघाची गोलकीपर, प्रेरणाच्याच गल्लीतली. बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती खाली मान घालून म्हणाली,

"मॅडम, परी आता येणार नाय. तिनं शाळा बदलली."

"कुठली शाळा?"

"चिकलठाण्याची. ती इंटरनॅशनल. सकाळी पिवळी बस येती तिला न्यायला."

रत्नमाला तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. काकासाहेब वाघचौरे निवृत्तीला आलेले. तिला नोकरीत घेतानाच्या मुलाखतीत हेच होते आणि फुटबॉलच्या संघाला संस्थेची परवानगीही त्यांनीच मिळवून दिली होती. ती त्यांना वडिलांच्या जागी मानायची.

"सर, प्रेरणा निकमचा दाखला गेला?"

काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गेला. मे महिन्यातच बाप आला, दाखला मागितला. अडवता येत नाही, कायदा आहे."

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"तोच म्हणाला, मॅडमला सांगू नका म्हणून. आता ते लोक असं म्हणाल्यावर मी काय करणार? जाऊ द्या. चार दिवस जेवू घातलं म्हणून पोरं आपली होत नसतात."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. घरी जाऊन तिनं फोन हातात घेतला, बद्रीनाथचा नंबर काढला आणि परत ठेवून दिला. त्यांनीच सांगू नका म्हटलंय, मग आपण कशाला विचारायचं? त्यांना गरज असेल तर तेच करतील फोन. पुढच्या दोन महिन्यांत तिनं तो नंबर कितीतरी वेळा काढला. लावला एकदाही नाही. कडूबाईंनी एकदा विचारलं, "परी दिसंना?" तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, "मोठ्या शाळेत गेली ती. तिचं नाव नका काढू."

ऑगस्टच्या शेवटी मुलींची आंतरशालेय स्पर्धा आली. उपांत्य सामन्यात समोर चिकलठाण्याची तीच शाळा. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडूंची यादी लागली. त्यात आठवं नाव होतं, प्रेरणा बद्रीनाथ निकम.

स्पर्धेचा नियम साधा होता. त्या वर्षी शाळा बदलून आलेल्या खेळाडूला जुन्या शाळेचं ना हरकत पत्र लागायचं आणि त्यावर मुख्याध्यापकांबरोबर क्रीडाशिक्षकाचीही सही असायला हवी होती. श्रीमंत शाळांनी ऐन हंगामात खेळाडू पळवू नयेत म्हणून केलेला नियम. रत्नमालानं अशी कुठलीही सही केली नव्हती. तिनं तिथंच एका कागदावर हरकत लिहिली आणि समितीकडं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला, मांडवाखाली, समितीचे तिघे बसले होते. अध्यक्षांनी फाइलमधून एक पत्र काढून तिच्यापुढं सरकवलं.

"मॅडम, तुम्ही म्हणता सही केली नाही. पण इथं तर आहे."

पत्र तिच्याच शाळेच्या लेटरहेडवर होतं. काकासाहेबांची सही, शाळेचा गोल शिक्का, आणि शेजारी तिचं नाव. अक्षर जवळजवळ तिच्यासारखंच. फक्त नावाखाली रेघ ओढलेली. ती कधीच रेघ ओढत नसे. शिक्का काकासाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात असायचा. तिची सही ते रोज मस्टरवर बघत. रत्नमालाला कागद कुठून आला ते तिथंच कळलं. म्हणजे सर पण. सर, बद्रीनाथ, आणि ती पोरगी. सगळ्यांनी मिळून.

"ही सही तुमची आहे का नाही, एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले.

दहा पावलांवर प्रेरणा उभी होती. अंगात पिवळी जर्सी, पायात नवे बूट. केस तसेच वर घट्ट बांधलेले. ती रत्नमालाकडं एकटक बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट ती ओळखीचं हसायच्या बेतात होती. रत्नमालाला ते हसू निर्लज्ज वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "ही सही माझी नाही."

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. खोटा कागद जोडला म्हणून चिकलठाण्याचा संघ बाद. खेळाडूवर एक वर्ष बंदी. नवीन शाळेचा क्रीडाशिक्षक तोंड फिरवून फोनवर बोलत राहिला. तो काकासाहेबांचा मुलगा ऋतुराज आहे, हे रत्नमालाच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

प्रेरणा धावत आली. "मॅडम, तुम्ही असं का म्हणताय?"

"मग काय म्हणू? तुझ्यासाठी खोटं बोलू?"

प्रेरणा वळली आणि बसकडं चालायला लागली. कुणीही तिच्यासोबत गेलं नाही.

बजाजनगरचा संघ न खेळताच अंतिम सामन्यात गेला. करुणानं हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि म्हणाली, "असं नको होतं जिंकायला." अंतिम सामन्यात त्यांनी चार गोल खाल्ले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथ तिच्या दारात उभा राहिला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. आत ये म्हटलं तरी येईना.

"मॅडम, एकच विचारायला आलो. तुमचं नाव आम्ही कुठंबी काढलं नाय. समितीनं इचारलं, तवाबी पोरगी गप्प ऱ्हायली. मग तुमी तिला खोटं का पाडलं?"

"माझं नाव? माझा काय संबंध?"

बद्रीनाथ तिच्याकडं बघतच राहिला. "तुमीच धाडलं ना तिला तिकडं?"

"कोण म्हणालं?"

"काकासाहेब. मे महिन्यात त्यांनीच बोलावलं मला. म्हन्ले, रत्नमाला मॅडमनंच नाव सुचवलंय, पोरीचं सोनं होईल. तिथं हिरवळीचं ग्राउंड हाय, फी माफ. पण शाळेचा खेळाडू मॅडमनं बाहेर धाडला असं संस्थेला कळलं, तर त्यांची नोकरी जाईल. म्हणून त्यांना फोन करू नका, भेटू नका, रस्त्यात दिसल्या तरी बोलू नका. सही त्या गुपचूप देतील." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "पोरगी जायला तयार नव्हती. तुमचं नाव ऐकलं आन् मगच व्हय म्हन्ली. दोन महिने रोज म्हनायची, मॅडमला एक फोन करू का? मी म्हनायचो, नगं, त्यांच्या पोटावर पाय येईल."

रत्नमाला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मैदानावरचं ते हसू तिला आता कळलं. पोरीला वाटलं होतं, सही मॅडमनीच दिलीय, आता त्या हो म्हणतील.

"मी सुचवलं नव्हतं, बद्रीभाऊ. मला करुणाकडून कळलं. आणि सर म्हणाले, तुम्हीच मला सांगू नका म्हणालात."

मग बद्रीनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "म्हंजी आपन दोघंबी येडे ठरलो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत ती काकासाहेबांसमोर उभी होती. त्यांनी नाकारलं नाही. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

"ऋतुराजला चार वर्षं कुठं नोकरी नव्हती. ते लोक म्हणाले, संघ उभा करणारा माणूस पाहिजे, येताना एक चांगली खेळाडू आणा. मी बापच आहे, रत्नमाला. आणि पोरीचं वाईट कुठं केलं? चांगली शाळा मिळाली तिला."

"माझी सही केलीत."

"मागितली असती तर दिली असती का?"

"प्रेरणाच्या भल्याचं असतं तर दिली असती. तुम्ही विचारलं असतं तर, सर."

"तुम्ही तिथं हो म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं," काकासाहेब म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "पोरगी खेळली असती. नाही कोण म्हणालं? तुम्ही."

त्या रागात ती तीन दिवस जेवली नाही, आणि चौथ्या दिवशी तिनं समितीला पत्र लिहिलं. सही कुणी केली, का केली, आणि मुलीला व तिच्या वडिलांना काय सांगून पाठवलं, ते सगळं. बद्रीनाथचा जबाब सोबत जोडला. संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावून घेतलं. पत्र मागं घ्या म्हणाले. सरांना सात महिने राहिलेत, शाळेची अब्रू आहे. तिनं घेतलं नाही.

समितीनं प्रेरणाच्या नावापुढचा खोट्या कागदाचा शेरा काढून टाकला. बंदी मात्र राहिली, कारण खरं ना हरकत पत्र नव्हतंच. काकासाहेबांना मार्चमध्ये शाल, श्रीफळ देऊन निरोप दिला गेला. समारंभाच्या वेळी रत्नमाला प्लॉटवर पोरींना घेऊन होती. ऋतुराजची नोकरी टिकली. त्या शाळेनं दिवाळीनंतर प्रेरणाच्या वडिलांना एवढंच कळवलं, की फीची सवलत खेळाडूंसाठी असते, आणि या वर्षी ती खेळाडू नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रेरणा जुन्या शाळेत परत आली. दाखल्याचे कागद रत्नमालानंच धावपळ करून पूर्ण केले. पण पोरगी सरावाला येईना. शेवटी एका रविवारी रत्नमाला तिच्या खोलीवर गेली. प्रेरणा दारात बसून तांदूळ निवडत होती. उठली नाही.

"तुझ्या पप्पांनी सगळं सांगितलं असेल," रत्नमाला म्हणाली.

"सांगितलं."

"मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, तूच मला न सांगता गेलीस."

प्रेरणानं एक खडा उचलून बाहेर फेकला. "मला तर बजावून सांगितलं होतं, मॅडम, की बोलू नको. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुम्ही एक फोन करायचा ना. मी उचलला असता."

"चुकलं माझं."

"सरांनी फसवलं, ते सर होते. त्यांचं मला एवढं काही वाटत नाय." ती ताटातले तांदूळ बोटानं पसरत राहिली. "तुम्हाला वाटलं, परी असं करंल. चार वर्षं तुमच्या घरी जेवले मी. तरीबी वाटलं."

रत्नमाला तिच्याशेजारी, उंबऱ्याच्या खाली, जमिनीवर बसली. प्रेरणानं ताट थोडं तिच्याकडं सरकवलं, पण तिच्याकडं बघितलं नाही. दोघी तांदूळ संपेपर्यंत निवडत राहिल्या.

जानेवारीपासून प्रेरणा सरावाला यायला लागली. खेळते पूर्वीसारखीच, बंदी संपली की पहिल्या सामन्यात तिलाच कर्णधार करायचं, हे पोरींनी आपापसांत ठरवून टाकलंय. रत्नमाला सांगते तेवढं ती ऐकते, "हो मॅडम" म्हणते. सराव संपला की बूट हातात घेऊन करुणाबरोबर सरळ आपल्या घरी जाते. कडूबाई अजून अधूनमधून विचारतात, परी जेवायला कधी येणार. रत्नमाला म्हणते, तिला अभ्यास असतो.