वर गेलेलं वजन

सासूबाई घर सोडून निघाल्या आणि जेमतेम पुरुषभर खाली जाऊन अडकल्या.

वीज गेली होती. लिफ्टमध्ये त्या, त्यांना न्यायला आलेले माझे मोठे दीर, कपड्यांची बोचकी आणि लोखंडी स्टँडसकट शिलाई मशीन. आणि त्या लिफ्टची मेकॅनिक मी, म्हणजे त्यांची सून. दैवाला कधीकधी फार खोड्या सुचतात.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्या निघाल्या तेव्हा मी खोलीचं दार लावून आत बसले होते. निरोप द्यायला उभी राहिले असते तर रडू आलं असतं, आणि तेवढी माघार घ्यायची माझी तयारी नव्हती.

भांडण मशीनवरून. कुणी कुठे लिफ्टमध्ये अडकलं की रात्री-अपरात्री मला फोन येतो, म्हणून दिवसा झोपायचं. आणि सासूबाईंचं मशीन दिवसा खडखडणार. त्याच मशीनवर शिवणकाम करून त्यांनी दोन मुलं वाढवली. एका दुपारी माझा पारा चढला आणि मी म्हणाले, "बंद करा ना ते आता. बसून खा की सुखाने." त्यांनी मशीनवर झाकण घातलं. वर ऐकवलं, "बायकोने गच्च्यांवर चढून दोर ओढायचे आणि घरातल्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा!" तेव्हापासून घरात चिडीचूप होतं आणि मला झोप येत नव्हती. माझ्या कामाच्या पँटचा खिसा फाटला होता, त्यातून लिफ्टच्या दाराची किल्ली घसरून थेट बुटात जायची. पण सासूबाईंना 'शिवून द्या' म्हणायला जीभ रेटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्हा दोघींना बघूनच म्हटलं असावं. नवऱ्याची मात्र इकडे आड तिकडे विहीर.

आता तोच दारावर थापा मारत होता. "अगं, आई अडकली!"

बुटातून किल्ली काढली आणि लिफ्टचं बाहेरचं दार उघडलं. वरच्या बाजूला हातभर फट होती. आत, खाली, सासूबाईंचा चेहरा दिसला.

"आलीस?"

"आले."

कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकींशी बोललो ते एवढंच.

"मला आधी ओढ वर," भाऊजी म्हणाले. माणूस चांगला, पण देहाने दीड माणूस.

"हात आत घ्या, भाऊजी. अर्धे बाहेर आलात आणि लिफ्ट हलली तर काय होईल? मी वरून ब्रेक सोडते. लिफ्ट आपोआप वर येईल."

"वीज नसताना?" सासूबाईंनी विचारलं. सून म्हणून माझ्यावर विश्वास नव्हता, मेकॅनिक म्हणूनही नसावा.

"दोरांच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं वजन टांगलेलं असतं, आई. तुम्ही खाली निघालात तेव्हा ते वर गेलं. त्याला वर चढवायला जे काम लागलं ते वाया जात नाही, त्या वजनापाशी साठून राहतं. ब्रेक सोडला की ते खाली येतं आणि साठलेलं काम परत करतं, तुम्हाला वर खेचून."

मी दार लावलं, गच्चीवरच्या खोलीत गेले, मुख्य स्विच बंद केला आणि ब्रेकचा दांडा ओढला.

लिफ्ट हलेना.

पुन्हा ओढला. दोर ढिम्म. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. हे वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा भारी ठेवतात, आत निम्मी माणसं असतील असं धरून. सासूबाई, भाऊजी आणि ते लोखंडी धूड मिळून नेमका तेवढाच भार झाला होता. तिकडचं वजन खाली येताना जेवढं देणार, तेवढं सगळं इकडचं वर जाताना खाणार. मग हलणार कोण? दोन्ही बाजू तुल्यबळ, आणि दोन्ही हट्टी. असलं काही मी घरात रोज बघत होते.

खाली येऊन दार उघडलं. "भार कमी करायला हवा. सामान द्या बाहेर."

भाऊजींनी बोचकी वर सरकवली, नवऱ्याने ओढून घेतली. मी पुन्हा वर गेले. या वेळी दोर किंचित थरथरले आणि थांबले. कपड्यांचं वजन ते किती असणार. खाली येऊन पुन्हा दार उघडलं.

"आता मशीनच उरलं," मी म्हणाले. "स्टँड या फटीतून यायचं नाही, ते राहू दे. वरचं मशीन सोडवून द्या."

सासूबाईंनी मशीनवर हात ठेवला. "मशीन नाही देणार."

"आई, दे ना गं! मला घाम फुटलाय," भाऊजी म्हणाले.

"तू गप्प रे. वीज येईल की. आली की आपण खाली जाऊ." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वर आणून तू त्याचं काय करणार? पुन्हा झाकणच घालायला लावणार ना?"

वीज कुठल्याही क्षणी आली असती. मी गच्चीवर जाऊन स्विच लावला असता, लिफ्ट सुरू झाली असती आणि त्या गेल्या असत्या. जन्मात पहिल्यांदा मी वीज येऊ नये म्हणून मनात धावा केला. मग फरशीवर पालथी पडले आणि फटीशी तोंड नेलं.

"आई, नका जाऊ."

त्यांनी मान वर करून बघितलं.

"मशीन चालवा. मी झोपले असले तरी चालवा. आवाज थांबल्यापासून मला झोपच येत नाही. मी बोलले ते वाईट बोलले, आई. मला तुम्ही घरात हव्या आहात."

नवऱ्याने बोचकं छातीशी धरून भिंतीकडे तोंड फिरवलं.

सासूबाईंनी मशीनवरचा हात काढला. "मीही काही कमी ऐकवलं नाही तुला," त्या म्हणाल्या. "स्क्रू ड्रायव्हर दे."

माझा स्क्रू ड्रायव्हर खाली गेला. त्यांनी पट्टा उतरवला आणि सवयीने स्टँडच्या मोठ्या चाकाला हात दिला. हात काढून घेतला तरी ते जरा वेळ गरगरत राहिलं.

"हेही साठवतं गं," त्या म्हणाल्या. "पाय थांबला तरी दोन टाके पुढे शिवतं."

मग त्यांनी स्क्रू काढले आणि भाऊजींनी मशीन वर उचललं. मी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं. चांगलंच जड होतं, पण पेललं. दार लावून वर धावले आणि ब्रेक जरासा सोडला. दोर सरकले. कुणी ढकललं नव्हतं, वीज नव्हती. त्या जाताना जे वजन वर गेलं होतं, तेच त्यांना परत आणत होतं. मी ब्रेक थोडा सोडत होते, पुन्हा लावत होते.

"आली! आली! बस, बस!" खालून नवरा ओरडला.

मी दार उघडलं तेव्हा दिवे लागले. भाऊजी घाम पुसत म्हणाले, "वीज आली. चल आई, सामान भरू या परत."

सासूबाईंनी उंबऱ्याजवळची बोचकी बघितली. मशीन बघितलं.

"ते स्टँड आत आण," त्या भाऊजींना म्हणाल्या.

"लिफ्टमध्येच आहे की ते."

"आत म्हणजे घरात."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू उभी काय राहिलीस? जा, ती पँट बदल आणि मला आणून दे. इतके दिवस बुटातून किल्ली काढतेस, मला काय दिसत नव्हतं?"