खिडकीजवळचा रिकामा चौकोन

"अनंता, आधी हात काढ त्या कंपुटरवरचा!" फोनवर नाथा फोरमन ओरडत होता. "बटनाची मशीन दारात आलीय. आता आम्ही बाहेर कसं जायचं? खिडकीतनं?"

अनंताने माउसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला. अंबरनाथला अभिजीत नावाच्या मित्राच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात, मागच्या बाजूला, त्याने एक टेबल भाड्याने घेतलं होतं आणि व्हिजिटिंग कार्डावर त्या टेबलाला 'ऑफिस' म्हटलं होतं. समोरच्या स्क्रीनवर रंगीत चौकोन होते. सकाळपासून तो ते इकडून तिकडे सरकवत होता. सरकतात का, एवढंच बघायचं होतं. सरकत होते. फारच छान सरकत होते.

"नाथाकाका, तुम्ही मशिनी खरोखरच्या हलवताय?"

"मग काय खोट्या हलवू? सेठ बोलला, टीव्हीवर दिसंल तसं लावा. लावतोय सकाळपासून. ओव्हरलॉकची मशीन ह्या भिंतीवरनं त्या भिंतीला नेली, परत आणली, परत नेली. कारागिरांच्या कंबरा गेल्या. तू एकदाचं ठरव ना बाबा!"

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये नंदू सेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता. सेठने कुठल्याशा साडूकडे बोटाने खोके सरकवायची स्क्रीन पाहिली आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. प्रत्येक मशीनचा एक चौकोन, त्यात कारागिराचं नाव आणि चालू माल. टॅबवर बोटाने उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, की भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांना दिसणार. अनंताने ते काम घेतलं आणि वेबपानं बनवायच्या आपल्या नेहमीच्या फ्रेमवर्कमध्ये चौकोन सरकवणारं एक तयार प्लगिन बसवायला घेतलं. वाचताना वाटलं, दोन ओळींचं काम आहे.

फ्रेमवर्क म्हणजे जुना घरमालक. पानावर काय कुठे असेल ते आपणच ठरवणार, असा त्याचा खाक्या. प्लगिन म्हणजे न विचारता कपाटं हलवणारा भाडेकरू. भाडेकरू चौकोन उचलून कोपऱ्यात ठेवायचा, मालक पान नव्याने मांडताना तो जिथला तिथे आणून आदळायचा. या दोघांत समेट घडवता घडवता अनंताची डावी पापणी आपोआप फडफडायला लागली. शेवटी त्याने तोड काढली: चौकोन हलला की नवी जागा लगेच साठवायची, आणि मालकाला सांगायचं की बाबा रे, हीच मूळची. तंटा मिटला. साठवलेली जागा तिकडे कारखान्यातल्या टीव्हीवरही तत्काळ दिसू लागली. हात साफ करायला प्रोग्रामची एक वेगळी प्रत ठेवायची असते, हे त्याला माहीत होतं. उद्या करू, असं तो रोज ठरवायचा.

आता त्याने स्क्रीनवर आईचा चौकोन शोधला. "नाथाकाका, आई कुठे बसलीय?"

"संडासाच्या भिंतीला. तुझ्याच कंपुटरनं बसवली. मी म्हटलं, वहिनी, इथं अंधार आहे. तर म्हणते, माझ्या पोरानं कायतरी विचार करूनच केलं असंल."

कौसाबाई, अनंताची आई, त्याच कारखान्यात धागे कापायला होती. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे उडवायचे, एवढंच काम. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे खिडकीच्या उजेडात बसलं तरच धागा दिसे. ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचं ठरलं होतं. कुठल्या पावसाळ्यानंतर, ते ठरायचं होतं. मागे एकदा धाग्याबरोबर पँटही कापली गेली, तेव्हा सेठने त्या भोकातून बोट बाहेर काढून हलवून दाखवलं होतं. "कौसाबाई, दिसत नाही तर घरी आराम करा ना." आराम हा शब्द ऐकल्यावर ती त्या रात्री जेवली नव्हती. आज संडासाच्या भिंतीला आणखी एक भोक पडलं, की आराम पक्का.

अनंता शेअर रिक्षात घुसला. शेजारच्या बाईची मेथी लॅपटॉपच्या झाकणावर टेकली होती आणि तो प्लगिनची माहिती वाचत होता. आजवर त्याने ती अर्धीच वाचली होती. उरलेल्या अर्ध्यात लिहिलं होतं की मधे रिकामी जागा राहिली, तर बाकीचे चौकोन आपोआप सरकून ती भरून काढतील. वाक्य मोठ्या अभिमानाने लिहिलेलं होतं.

कारखान्यात रिकामी जागा एकच होती. खिडकी आणि कौसाबाई यांच्या मधली. तिथे हिरामणची, म्हणजे अनंताच्या वडिलांची मशीन असायची. नवरा-बायको इतकी खेटून बसायची की तिचा पदर त्याच्या मशीनच्या पट्ट्यात जायचा, आणि तो मोटार बंद करून "पदर, पदर!" म्हणून खेकसायचा. या जोडप्याची घरी कधी भांडणं झाली नाहीत. सगळी कारखान्यातच उरकायची. मागच्या वर्षी हिरामण गेला. त्याच्या पाठोपाठ जुनाट म्हणून मशीनही गेली. त्या जागी दुसरी आली नाही. आणायची नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण आणायची असंही कुणी म्हटलं नाही. अनंताने नकाशात ती जागा मोकळी सोडली होती. प्लगिनने ती पाहिली आणि अख्खी रांग तिच्यात ओढून घेतली. आईचा चौकोन सगळ्यांत लहान. तो मोठ्यांचे धक्के खात खात पार टोकाला, संडासाच्या भिंतीला गेला.

दारात बटनाची मशीन होतीच. आधी लॅपटॉप आत गेला, मग तिच्या खालून अनंता.

कौसाबाई पँट नाकाला लावून बसली होती. "जेवलास का?"

"आई, चुकून झालंय हे."

"हळू बोल," ती म्हणाली. "सेठला मी सांगितलंय, विचार करून केलंय."

सेठ टीव्हीखाली उभा होता, खुशीत. "आओ साईं! क्या दिमाग है मशीन का! वर्षभर ती जागा फुकट जात होती. नाथाला दिसली नाही, कंपुटरला दिसली."

"ती परत रिकामी करावी लागेल, सेठ."

"क्यों?"

डोळ्यांचं नाव काढलं, तर सेठ आराम म्हणणार. वडिलांचं काढलं, तर सेठ हळहळणार, चहा मागवणार, आणि मशीन तिथेच राहणार. अनंता पँटींच्या गठ्ठ्यावर बसला आणि टाइप करू लागला. खिडकीजवळ एक नवा चौकोन: स्वतः हलणार नाही, दुसऱ्याला आत घेणार नाही. नाव नसलेला चौकोन प्रोग्राम घेईना. त्याने 'हिरामण' लिहिलं. थोडा वेळ पाहिलं. खोडलं, आणि 'सिस्टीम' लिहिलं.

टीव्हीवरचे चौकोन धावपळ करून आपापल्या जुन्या जागी गेले. नाथाने कपाळाला हात लावला.

"ये क्या है?" सेठने हातातल्या टॅबवर बोट ठेवलं.

"सिस्टीम."

"हलत नाही?"

"नाही."

"दाबून?"

सेठने दाबून पाहिलं. अंगठ्याने ओढलं. ओव्हरलॉकचा चौकोन उचलून त्याच्यावर टाकला. तो घसरून बाजूला पडला. खरी ओव्हरलॉक उचलायला वाकलेले दोघे कारागीर तसेच वाकून थांबले.

"आणि इथं मशीन ठेवलीच तर?"

"सगळं बंद पडेल."

हे साफ खोटं होतं. पण या प्रोग्रामबद्दल अनंता इतक्या खात्रीने पहिल्यांदाच काही बोलत होता. सेठने टॅब हळूच टेबलावर ठेवला. "सुनो सब लोग! सिस्टीमच्या जागेत कोणी डबापण ठेवायचा नाही!"

मशिनी शेवटच्या एकदा उचलल्या गेल्या. दार मोकळं झालं. कौसाबाईने आपलं पाटासारखं स्टूल उचललं आणि जुन्या जागी जाऊन बसली.

"बाबांची जागा मोकळी ठेवायला लावली, आई," अनंता तिच्या कानाशी म्हणाला.

"बरं केलंस. उजेड येतो तिथनं."

"बाबा होते तेव्हा कसा यायचा?"

"तिरकं बसायचे." तिने पँट उजेडात धरली, धागा शोधला, उडवला. "पाठ गेली त्यात त्यांची. मी म्हणायची, सरळ बसा की. तर म्हणायचे, मला असंच जमतं."

अनंता टीव्हीकडे बघत राहिला. कुठलाच चौकोन हलत नव्हता, तरी बघत राहिला.

कौसाबाई पुढची पँट ओढायला वाकली. वाकण्याआधी तिने खिडकीकडचा पदर गोळा केला, कमरेला घट्ट खोचला, आणि मग हात पुढे केला.