हलक्या केलेल्या पट्ट्या

अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, त्यांतल्या बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. तितक्याच हातोड्या. दोनशे तेवीस तारा. तीन पेडल, त्यांतलं मधलं कुणी वापरत नाही. झाकणावर कपांचे चार गोल डाग. आणि मधल्या चोवीस पट्ट्यांच्या पोटात शिशाचे एकशे अडतीस तुकडे. मित्रांनो, हे सगळं मिळून मी, एक जुना पियानो.

या शिशातले बहात्तर तुकडे नंतर बसवलेले आहेत. त्यांनीच घात केला.

मला घडवणाऱ्या कारागिराने प्रत्येक पट्टीच्या टोकावर पितळी वजनं ठेवून पाहिली होती. पन्नास ग्रॅम ठेवले की पट्टी अलगद खाली जायची. मग दाबलेल्या पट्टीवर चोवीस ग्रॅम ठेवले, तर तेवढं ओझं उचलून ती आपणहून वर यायची. खाली नेणं हे वादकाचं काम, वर येणं हे माझं. पट्टी वर आल्याशिवाय हातोडी दुसऱ्यांदा तारेवर पडत नाही.

मी एका हॉलच्या मंचावर आलो आणि तिथेच राहिलो. पुढे सगळे जिला ताई म्हणू लागले, ती पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नेहमीचा वादक तापाने आजारी होता, म्हणून तिला बोलावलं होतं. लोक खात होते, गप्पा मारत होते. ती जॅझ वाजवायची. त्यात धून ठरलेली असते. तिचं पुढे काय करायचं ते वाजवता वाजवता ठरतं. त्या संध्याकाळी तिने धून अर्ध्यावर सोडली आणि एकच सूर ठोकत राहिली, भराभर, सोळा वेळा, प्रत्येक ठोका आधीच्याहून मोठा. दारावर कुणी थापा माराव्यात तसा. लोकांचे घास हातातच राहिले. सोळाव्या ठोक्यानंतर तिने दोन्ही हात पसरून सगळे सूर सांडले.

पुढे लोक त्या सोळा ठोक्यांसाठी येऊ लागले. ताई देशोदेशी वाजवून यायची, चकचकीत नवे पियानो वाजवून यायची, आणि परतल्यावर माझं झाकण उघडून विचारायची, "काय म्हातारबुवा, जेवलात का?" शेजारी तिचा धाकटा भाऊ डबल बेस, म्हणजे जाड तारांचं माणसाएवढं उंच वाद्य, घेऊन उभा असायचा. तो म्हणायचा, "मला कधी विचारलंस का गं असं?" ताई म्हणायची, "तू न विचारताच जेवतोस."

मग तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज आली. उजव्या हाताचं चौथं बोट उशिरा पडू लागलं. हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण तिचं प्रत्येक बोट किती जोराने पडतं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ट्यूनरकाका सूर लावायला आले तेव्हा ती म्हणाली, "काका, हा जड झालाय. हलका करा."

काकांनी वजनं ठेवली. "पन्नास. होता तसाच आहे, ताई."

"तरी करा."

त्यांनी मधल्या पट्ट्यांत पुढच्या, म्हणजे बोटाच्या बाजूला शिशाचा एकेक तुकडा बसवला; त्या वजनाने पट्टी कमी दाबाने खाली जाऊ लागली. काही महिन्यांनी आणखी एकेक. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी हात आखडता घेतला. "आता पुरे. पट्टी सुस्त होईल."

"सुस्त मी झालेय, काका. पट्टीची काळजी तुम्ही नका करू."

काका तिला नाही म्हणू शकले नाहीत. तिच्या लहानपणापासून तिचं वाजवणं ऐकलेला माणूस. मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर त्या दिवशी ओरडलो असतो. पण माझा आवाज दुसऱ्याच्या बोटांत असतो.

मैफलीचा दिवस आला. ताईने भावाला आधीच बजावलं होतं, "आज हाताने दगा दिला तर ही शेवटची. मग मला समजवायला येऊ नकोस." आणि गंमत बघा, औषधाने तिचं बोट सुधारलं होतं! तिला ते पटत नव्हतं, पण मला दुसऱ्या गाण्यातच कळलं. चौथं बोट वेळेवर पडत होतं. मी तिला कसं सांगणार?

सोळा ठोके सुरू झाले. एक. दोन. तीन. चौथ्या ठोक्याला बोट बरोबर पडलं, पण पट्टी वर येताना अजून अर्ध्यातच होती. हातोडी उठली नाही. मी जिवाच्या आकांताने पट्टी वर ढकलत होतो, आणि पुढचं शिसं तिला खाली ओढत होतं. ताईने पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन. पुन्हा शांतता. समोर कुणीतरी खाकरलं. तिने हात मांडीवर ठेवले. भावाने एकट्याने कसंबसं गाणं संपवलं.

पडद्यामागे तो म्हणाला, "ताई, पट्टी अडकली होती का?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणू का मी आता? या वयात?"

मित्रांनो, या वेळी अंगण खरोखर वाकडं होतं. आणि ते अंगण मी होतो.

पुढच्या मैफली रद्द झाल्या. माझं झाकण बंदच राहिलं. येणारेजाणारे त्यावर कोट टाकू लागले, खोकी ठेवू लागले. मला त्याचं दुःख नव्हतं. एक बाई स्वतःचे चांगले हात टाकून देत होती आणि कारण माझ्या पोटात होतं. कुणी तरी उघडा रे मला, एवढंच मी म्हणत होतो.

एका सकाळी ताई तिची बसायची उशी न्यायला आली. भावाने काकांना आधीच बोलावून ठेवलं होतं.

"हे काय नवीन?" ताई दारातच थांबली.

"दोन मिनिटं थांब. बोट दमलं असतं तर आवाज आधी बारीक झाला असता. तुझा तिसरा ठोका सणसणीत होता. चौथा आलाच नाही. बेस वाजवत असलो तरी कान आहेत मला."

काकांनी त्या पट्टीवर वजनं ठेवली. छत्तीस ग्रॅमला ती खाली गेली.

"बघ," ताई म्हणाली, "शेंबडं पोरही वाजवेल. तरी मला जमलं नाही."

"काका, आता उलटं मोजा, किती वजन उचलून ती वर येते ते," भाऊ म्हणाला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ते इतक्या दिवसांत एकदाही मोजलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू असो की थकलेलं माणूस, त्याला दाबायला सोपं करून ठेवू नका. ते पुन्हा उठू शकतं का, तेही बघा. आणि वेळेवर बघा.

मोजण्यात अडथळा नको म्हणून काकांनी उजवं पेडल दाबून धरलं, पट्टी खाली दाबली, तिच्यावर ती पूर्वी उचलायची तेवढे चोवीस ग्रॅम ठेवले आणि बोट काढलं. पट्टी उठली नाही. ताई दारातून पुढे आली. वीस ग्रॅम. पट्टी उठली नाही. पंधरा. नाही. बारा. नाही.

दहा ग्रॅमला उठली.