जयसिंगची जागा

"मावशी, हात खाली घ्या. माझा खांदा इथं आहे."

मारुतीनं स्वतःच्या खांद्यावर थाप मारून दाखवली. कुसुमावतीबाईंचा तळवा त्या खांद्याच्या बराच वर, त्याच्या कानाच्या उंचीला, हवेत टेकला होता. तरंगत नव्हता, टेकला होता. बोटं किंचित वाकलेली, मनगट सैल. त्यांनी तो ओढून घेतला, पदर खोचला आणि "हं, पहिल्यापासून" म्हणाल्या. पुन्हा पायांचा तत्कार सुरू झाला, पुन्हा दोघं हॉलच्या दोन टोकांहून एकमेकांच्या दिशेनं आले, आणि पुन्हा तो मेला हात आपला तिथंच जाऊन बसला.

झाशीतली एप्रिलची दुपार. लू, म्हणजे उत्तरेतला भाजून काढणारा वारा, अजून सुरू व्हायची होती, पण तिची पूर्वतयारी जोरात होती. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलातला कूलर नुसता खडखडत होता, वारा म्हणाल तर नावाला.

"मी पायाला विटा बांधू का?" मारुतीनं विचारलं.

"परेशान करू नकोस रे."

"मी कुठं परेशान करतोय? इतके दिवस तालीम चाललीय, तुम्ही मला एकदाही हात लावला नाहीत. मला काय खरूज झालीय?"

बाईंना हसू येता येता राहिलं. पोरगा भुसावळचा, रेल्वेत नुकताच लागलेला. पुण्यात कंटेंपररी नाच शिकलेला, अंग असं लवचीक की आत हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी. बुटका मात्र होता, आणि त्याला तो बिचारा काय करणार!

आता नर्तकी म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे येतं, त्यातलं कुसुमावतीबाईंमध्ये काही म्हणजे काही नव्हतं. विभागीय कार्यालयात त्या पासांच्या टेबलावर बसायच्या. कुणाला सासुरवाडीला जायचंय, कुणाला तिरुपतीला, त्यांचे पास करून द्यायच्या. रेल्वेत खेळाडूंना कोट्यातून नोकरी मिळते हे जगाला ठाऊक आहे. तशी नाचणाऱ्यांनाही मिळते म्हटलं की लोकांना थट्टा वाटते. पण बाई लागल्या त्या सांस्कृतिक कोट्यातूनच. माहेर ग्वाल्हेरचं, कथक तिथं शिकलेल्या. लग्न होऊन झाशीत लक्ष्मी गेटपाशी आल्या. सून नाचून पगार आणणार म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. पहिला पगार हातात पडला तसं ते सरळ झालं.

जयसिंग त्याच कोट्यातला. चिरगाँवचा, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. ताडमाड उंच, दारातून येताना वाकायचा. दिवाळीत बुंदेलखंडातले गडी लाठ्या घेऊन उड्या मारत जी दिवारी नाचतात, ती त्याच्या अंगात भिनलेली. एका वर्षी दिल्लीहून मॉडर्न नाचाचे एक मास्तर शिबिर घ्यायला आले. त्यांनी सगळ्या कारकुना-फिटरांना जमिनीवर लोळायला लावलं, श्वासावर हलायला लावलं आणि सांगितलं, रोज डोळ्यांनी बघता ते नाचा. बाकीचे खिदळले. बाईंनी आणि जयसिंगनं यार्डातलं डबे जोडायचं शंटिंग नाचून दाखवलं. तिचा तत्कार म्हणजे रुळांच्या सांध्यांवरून जाणारी चाकं, त्याची दिवारीची उडी म्हणजे धक्का खाऊन सुटलेला डबा. ती या रुळावर, तो त्या रुळावर. जवळ येतात, चुकतात, लांब जातात. शेवटी एकदाच जुळतात. तिचा तळवा मागून त्याच्या खांद्यावर पडतो, आणि तो तिला ओढत, लयीत, अंधारात घेऊन जातो. सबंध नाचात एवढाच काय तो स्पर्श. तेव्हापासून दर एप्रिलात, रेल्वे सप्ताहाच्या कार्यक्रमात, 'शंटिंग' ठरलेलं.

प्रेम होतं का? झाशी काही फार मोठं शहर नाही, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांनी एकमेकांना विचारून झाला होता. बाईंना विचारला असतात तर त्या भडकल्या असत्या, आणि खरं सांगायचं तर उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. 'कुसुमजी' आणि 'जयसिंगभैया' यापुढं दोघं कधी गेले नाहीत. कँटीनमध्ये समोरासमोर बसून चहासुद्धा क्वचित. पण त्या एका क्षणाची बाई वर्षभर वाट पाहायच्या, हेही खोटं नव्हे.

आणि एका पावसाळ्यात जयसिंग रजा घेऊन गावी गेला तो तापानं गेलाच. पासांच्या टेबलापर्यंत बातमी येईतो त्याची राखही बेतवा नदीत गेली होती. चिरगाँवची बस अगदी दारावरून जायची, पण बाई गेल्या नाहीत. कोण म्हणून जाणार? बहीण नाही, बायको नाही, शेजारीणही नाही. त्या दिवशी समोर आलेले सगळे पास त्यांनी केले, संध्याकाळी घरी येऊन पोळ्या केल्या. रडायचं तरी कुठल्या तोंडानं!

पुढच्या एप्रिलात साहेब म्हणाले, दुसरा कोणी बघा. बाई म्हणाल्या, मी एकटी करते. एकटीनं केलं, पण एक पाऊल बदललं नाही. त्याच्या जागा तशाच सोडल्या, त्याच्या उडीला मान वर केली, आणि शेवटी हवेवर तळवा ठेवून हवेमागून अंधारात चालत गेल्या. हॉलात कुणी खोकललंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं मोठ्यांदा विचारलं, "मम्मी, वो अंकल कौन हैं?" आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पोर खोटं बोलत नव्हतं, हे एकट्या बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या तळव्याखाली हवा नव्हतीच. काहीतरी होतं. उबदार, घामट, कारखान्याच्या तेलाचा वास येणारं. हात त्यावर विसावायचा, आणि ते पुढं चालू लागायचं. वर्षातून एकदा. अशी तीस वर्षं गेली. साहेब बदलले, पडदे बदलले, बाईंचे केस पांढरे झाले, तो खांदा होता तिथंच राहिला.

आता महिनाअखेर बाई रिटायर होणार. हे शेवटचं शंटिंग. आणि नेमकं याच वर्षी सांस्कृतिक सचिवांनी फर्मान काढलं की नाच स्पर्धेला न्यायचा आहे, जोडीनंच बसवा, नव्या पोराला शिकवा. "मॅडम, अकेलेवाला अब बहुत हो गया," साहेब गोडीगुलाबीनं म्हणाले, "लोग डरते हैं।" जयसिंगला शेवटचं भेटायचं होतं, आणि त्याच्या जागेवर हे भुसावळचं कार्टं उभं!

"मावशी, एक विचारू?" कार्टं म्हणालं. "रागवायचं नाही."

"विचार."

"तो शेवटचा कोपरा आहे ना, तिथं उभा राहिलो की माझ्या मानेवर गार लागतं. एवढ्या उकाड्यात. कूलर तर त्या बाजूला नाहीच."

"मग कशाला उभा राहतोस?" बाई एकदम किंचाळल्या. "कुणी बोलावलंय तुला? ती जागा रिकामी नाहीये!"

आवाज छताला जाऊन आदळला. मारुतीचं तोंड पांढरं पडलं. तो खाली बसला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पण प्यायला नाही.

"कुणाची जागा आहे ते मला माहितीय," तो हळूच म्हणाला. "आल्या दिवशीच सगळ्यांनी सांगितलंय. मी हिसकावून घेत नाहीये हो, मावशी. मला उभं राहायला सांगितलंय, म्हणून राहतो. माझी नोकरी आहे ही."

बाईंना स्वतःची लाज वाटली. तरी "सॉरी" म्हणवेना. घुंगरू पिशवीत कोंबून त्या सरळ घरी निघून आल्या.

घरी त्यांचे यजमान विद्याधर उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसले होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून पन्हं करणं त्यांच्याकडे होतं, आणि त्यात ते कुणाला हात घालू देत नसत.

"मी नाही नाचत या वर्षी," बाईंनी जाहीर केलं. "पाय दुखतोय म्हणून कळवते."

"दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

बाईंनी कूलरबद्दल सांगितलं, साहेबांबद्दल सांगितलं, मारुतीच्या उंचीबद्दल सांगितलं. "पोरगा वाईट नाही हो. पण तो तिथं उभा राहिला की..."

"की जयसिंगनं कुठं जायचं?"

बाई चपापल्या. हे नाव त्या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. विद्याधरांनी मान वर केली नाही. कोयीला चिकटलेला गर ते अंगठ्यानं निपटत राहिले.

"मलाही दिसतो तो. दर वर्षी पहिल्या रांगेत बसतो ना मी! आधी आधी वाटायचं, उठून चालतं व्हावं. फार राग यायचा, कुसुम. तुझाही, त्याचाही. मग सवय झाली. आता तर तुझा तोल गेला की तो कसा सावरून घेतो, तेही दिसतं."

"अहो, भलतंच काय बोलता!"

"ऐक तर. महिनाअखेर तू घरी बसशील. पुढच्या एप्रिलात तिथं कोण नाचणार? त्याला कोण सांगणार, की बाबा रे, आता कुणी यायचं नाही? उभा राहील तसाच, रिकाम्या हॉलात, वाट बघत."

बाई उंबऱ्यातच बसल्या. तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या तळव्याचाच तेवढा विचार केला होता. तो तिथं कुणासाठी थांबलाय, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"असं वाऱ्यावर सोडू नये माणसाला," विद्याधर म्हणाले आणि साखरेचा डबा शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी बाई तालमीला गेल्या. मारुतीला म्हणाल्या, "माझ्या हाताची चिंता तू करू नकोस. तो माझा प्रश्न आहे. तू तुझा नाच." आणि तालमींत हात शेवटपर्यंत वरच राहिला. मारुतीनं पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. बाईंचं शेवटचं वर्ष म्हणून वर्कशॉपातले जुने गडीसुद्धा धुतलेले कपडे घालून आले होते. पहिल्या रांगेत विद्याधर. तबला सुरू झाला आणि बाईंचे पाय त्यात मिसळले. गुडघे कुरकुरत होते, पण आता शेवटच्या दिवशी गुडघ्यांचं कोण ऐकतो! पलीकडच्या रुळावर मारुती होता. तो जयसिंगसारखी उडी मारत नव्हता. तो जमिनीवर कोसळायचा आणि नुसत्या श्वासाच्या जोरावर उठायचा, आणि ते पाहून जुन्या गड्यांच्या रांगेतून "वाह, बेटा" असं कुणीतरी म्हणालं.

जवळ आले, चुकले, लांब गेले. मग मारुती त्या कोपऱ्यात पाठमोरा उभा राहिला. बाई मागून आल्या. हात उठला आणि आपल्या नेहमीच्या उंचीवर गेला.

होता. तो होता तिथं. तीच ऊब, तोच तेलाचा वास. तबल्याच्या गजरात ओठ हलले तरी कुणाला कळणार नव्हतं. त्या म्हणाल्या, "भैया, अब मैं नहीं आऊँगी। आप भी घर जाइए।"

आधी काहीच झालं नाही. मग तळव्याखालचं ते हळूहळू निघालं. घाईनं नाही, म्हातारा माणूस बसमधून सामान सांभाळत उतरतो, तसं. वास गेला. ऊब गेली. हाताखाली नुसती हवा राहिली, आणि हवेवर हात किती वेळ राहणार? तो पडला. पडला तो मारुतीच्या खांद्यावर. घामानं चिंब झालेला, बारका खांदा होता, आणि लटलट कापत होता. पोरगा दचकला, पण लय त्यानं सोडली नाही. त्यानं ओढ घेतली आणि बाईंना घेऊन अंधारात गेला.

टाळ्या पुष्कळ वाजल्या. विंगेत मारुती लहान मुलासारखा नाचत होता. "मावशी! लागला! हात लागला!" बाईंनी "हो रे बाबा" म्हणून त्याचा गाल थोपटला. पुढं सत्कार झाला, शाल मिळाली, साहेबांचं भाषण झालं. बाई सगळ्यांशी नीट बोलल्या. डोळ्यांतून टिपूस आला नाही.

स्कूटरवरून दोघं घरी निघाले. दतिया गेटपाशी गर्दी होती, ऊन अजून भिंतींवर होतं. घरी आल्यावर विद्याधरांनी कुलूप काढलं, आणि बाई आत पाऊल टाकणार तोच ते म्हणाले, "थांब. कशाला शिवू नकोस."

"का?"

एप्रिलात नळाला पाणी कसं थेंबथेंब येतं ते झाशीकरांना सांगायला नको. त्यातून विद्याधरांनी सकाळीच एक बादली काठोकाठ भरून, वर ताट झाकून ठेवली होती. ताट काढून त्यांनी ती न्हाणीघरात नेऊन ठेवली.

"डोक्यावरून घे."

बाई बघतच राहिल्या. कुणी गेल्याची बातमी घरात आली की जवळच्याचं सुतक दहा दिवस, आणि लांबच्या नात्यातलं असलं तर नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून एक अंघोळ, की सुटलं. ज्याच्याशी काहीच नातं नाही, त्याच्यासाठी तीही नाही.

"अहो, पण माझं कुठलं नातं..."

"अंघोळीपुरतं तरी होतंच की," विद्याधर म्हणाले. "जा. पाणी तापेल उन्हानं."

त्या गेल्या. शालीची घडी उंबऱ्याबाहेर ठेवली, अंबाडा सोडला, आणि सत्काराच्या साडीवरच पहिला तांब्या डोक्यावर ओतला. दुसरा ओतताना जे रडू फुटलं ते मढं उठलेल्या घरातल्या बाईचं रडू होतं. गळा काढून, आडपडदा न ठेवता. शेजारच्यांनी खिडकी उघडली, मिटली. विद्याधरांनी दार वाजवलं नाही. सदऱ्याची बटणं काढून, खांद्यावर पंचा टाकून ते न्हाणीबाहेरच्या पायरीवर बसून राहिले.

बऱ्याच वेळानं आतला आवाज ओसरला. तांब्या बादलीच्या तळाला लागल्यासारखा खणकला.

"कुसुम," त्यांनी बाहेरून हाक मारली, "थोडं पाणी ठेव गं. मलाही डोक्यावरून घ्यायची आहे."