तेवीस पोरांचा बाप

जिवतीकडच्या त्या डोंगरी गावात रिचार्ज संपला की लोक सिमच बदलत. लटारू कोतवालाचा नंबर तेवढा बारा वर्षं तोच. म्हणून शाळेत पोराचं नाव घालताना जो तो लटारूचाच नंबर लिहून यायचा. लटारूला त्याचा केवढा तोरा!

जूनमध्ये शाळेनं मुलांना अभ्यासाचं अ‍ॅप दिलं. अठराच्या आतल्या पोराची माहिती घ्यायची तर आईबापाची परवानगी हवी, असा कायदा. परवानगीचे तेवीस मेसेज लटारूच्या फोनवर येऊन पडले. त्यानं सरळ डफडं काढलं आणि दवंडी दिली, "पोराइचं नाव, फोटो, पत्ता कंपनीले द्याचा हाये होऽ! कोणाची ना असन त सांजेपर्यंत सांगजा!"

कोणी आलं नाही. नळाची पाळी असो की ग्रामसभा, गावात असंच ठरतं. गप्प बसला तो राजी. लटारूनं तेवीस वेळा 'मी पालक आहे'वर बोट दाबलं आणि निवांत बिडी पेटवली.

दिवाळीनंतर एक अनोळखी फोन आला. "पिंकीचे पप्पा काय?" त्या माणसाला पिंकीचं वय, शाळा, सातची बस, अ‍ॅपात भरलेलं सगळं ठाऊक होतं. पोरीशी बोलायचंय म्हणाला. लटारूनं कचकचीत शिवी हासडून फोन कापला आणि तडक पिंकीचं घर गाठलं.

पिंकीची आई रुखमा, एकटीनं पोर वाढवणारी. तिनं ऐकून घेतलं. "उद्यापासून पोरगी घरीच."

"मी काय केलं वं माय?" नववीतली पिंकी रडायला लागली. "मले काऊन बसवून राह्यली घरी?"

लटारूनं कंपनीला फोन लावला.

"तुम्ही पालक का?"

"नाई जी, कोतवाल."

"इथे तेवीस मुलांचे पालक म्हणून तुमचीच नोंद आहे."

लटारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवानगी मागे घेता येते, माहिती पुसता येते, असं तिकडून सांगितलं. या वेळी डफडं खुंटीलाच राहिलं. तो दारोदार फिरला, हळू आवाजात विचारलं, आणि एकेकाची माहिती पुसायला लावली. रुखमाचं दार शेवटी आलं.

"तुह्या पोरीचंबी पुसाले लावलं, बाई. जाऊ दे तिले शाळेत."

"कंपनी पुसन जी. त्या मानसाच्या डोक्यातून कोण पुसन, भाऊ?"

लटारू आल्या वाटेनं परत फिरला.

दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेआधीच तो काठी घेऊन हजर. "बसमधी मी राहीन सोबत. जातानी, येतानी. धाडतं काय?"

रुखमा काहीच बोलली नाही. वळणावर बसचा हॉर्न वाजला. पिंकी दप्तर धरून दाराआड उभी होती. त्यानं नुसता हात धरून नेली असती तरी रुखमानं अडवलं नसतं. लटारू जागचा हलला नाही.

"बाई, तू म्हणशीन तवाच."

"हो," रुखमा म्हणाली. "ने."